केमो झालेल्या माणसाच्या हातात एक कागद तरी द्या

मागच्या पावसाळ्यात आत्याच्या सीबीसीमधे तिन्ही आकडे एकदम खाली आले, हिमोग्लोबिन पण, पांढऱ्या पेशी पण आणि प्लेटलेट पण, आणि आमच्या फॅमिली डॉक्टरांनी लगेच रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं. रक्ताच्या डॉक्टरांनी आत्याला २०१३ साली ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय हे ऐकलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला, "आजी, केमोत कुठली औषधं दिली होती?" आत्या म्हणाली, "चार वेळा लाल सलाईन, आणि मग चार वेळा पांढरं." डॉक्टर शांतपणे म्हणाले, लाल कुठलं ते मला समजलं, पण त्याच्या जोडीला काय होतं, पांढरं म्हणजे कुठलं आणि एकूण डोस किती गेला हे लिहिलेलं पाहिजे, जुनी फाईल घेऊन या.

इंदूरला टिळक नगरच्या घरी माळ्यावरून फाईल काढली तर अर्धी वाळवीने खाल्लेली, आणि जे डिस्चार्ज कार्ड उरलं होतं त्यावरची शाई इतकी उडालेली की तारीख सोडून काही वाचता येईना. मग जिथे ट्रीटमेंट झाली त्या हॉस्पिटलात गेलो, दोन चकरा मारल्या, रेकॉर्ड रूममधल्या माणसाने चांगुलपणाने शोधायचा प्रयत्न पण केला, आणि शेवटी सांगितलं की एवढं जुनं ठेवत नाही, तीन वर्षांचा नियम आहे. मला ते खोटं वाटलं, म्हणून घरी येऊन शोधलं, तर खरंच आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे जे नियम आहेत त्यात भरती झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं असं लिहिलंय, आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असंही लिहिलंय. पण ११ वर्षांनी मागितलं तर ७२ तासांत देणार काय?

हे सगळं मी का लिहितोय ते सांगतो. जुलै २०२५ मधे नेचर जेनेटिक्स या जर्नलमधे इंग्लंडच्या केंब्रिजचा एक अभ्यास आला, वेलकम सँगर इन्स्टिट्यूटच्या लोकांचा. त्यांनी केमो घेतलेल्या २३ जणांच्या रक्ताच्या पेशी घेतल्या, वय ३ वर्षांपासून ८० वर्षांपर्यंत, वेगवेगळे कॅन्सर, वेगवेगळी औषधं, आणि त्या पेशींचा पूर्ण डीएनए वाचला. लक्षात घ्या, कॅन्सरच्या पेशी नाही, चांगल्या, निरोगी रक्ताच्या पेशी. तर त्या निरोगी पेशींमधे केमोच्या काही औषधांनी कायमचे बदल करून ठेवलेले दिसले. एका ३ वर्षांच्या मुलाला न्यूरोब्लास्टोमा नावाचा लहान मुलांतला कॅन्सर होता, त्याची ट्रीटमेंट झाली, आणि त्याच्या रक्तपेशींत जेवढी म्युटेशन म्हणजे डीएनएतले बदल सापडले तेवढे केमो न घेतलेल्या ८० वर्षांच्या म्हाताऱ्यांमधे पण सापडत नाहीत. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगतो.

आता हे कसं होतं ते समजून घेऊ, कारण अर्धवट कळलं की भीती दुप्पट होते. आपलं सगळं रक्त हाडांच्या आतल्या मगजात म्हणजे बोन मॅरोमधे बनतं, तिथे स्टेम सेल असतात, आणि तब्येतीने चांगल्या तरुण माणसात अशा २० हजार ते २ लाख स्टेम सेल मिळून रक्त बनवत राहतात. त्या प्रत्येकीच्या डीएनएमधे अक्षरं आहेत, शेकडो कोटी, आणि जसं वय वाढतं तशा त्यात आपोआप चुका होतात, वर्षाला साधारण १७ एका पेशीत, तुम्ही कितीही पथ्यपाणी करा. बहुतेक चुका अशा जागी पडतात जिथे काही बिघडत नाही. केमोची बरीचशी औषधं कामच मुळात डीएनए तोडून करतात, कॅन्सरची पेशी भराभर वाढत असते, तिला तुटलेला डीएनए झेपत नाही, ती मरते. पण औषध शिरेतून जातं, त्याला कोणी सांगितलेलं नसतं की छातीतल्या गाठीपर्यंतच जा, ते हाडातल्या मगजात पण पोचतं. तिथल्या ज्या स्टेम सेल मेल्या नाहीत पण जखमी झाल्या, त्या घाईघाईने स्वतःला दुरुस्त करतात, आणि त्या दुरुस्तीत राहिलेली चूक मग तिच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. केस परत येतात, तोंडातले छाले जातात, ही चूक जात नाही.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, ती म्हणजे सगळी औषधं सारखी नाहीत. प्रत्येक औषधाच्या चुकांचा एक साचा असतो, हस्ताक्षर ओळखावं तसं शास्त्रज्ञ तो ओळखतात, आणि काही औषधं खूप चुका सोडतात, काही जवळजवळ नाहीच. एकाच घराण्यातल्या औषधांमधे पण फरक. मस्टर्ड गॅसपासून निघालेलं जे घराणं आहे (हो, युद्धातलाच तो विषारी वायू, १९४२ मधे अमेरिकेत येल विद्यापीठात त्याच्यापासून बनवलेलं औषध पहिल्यांदा एका कॅन्सर पेशंटला दिलं गेलं) त्यातलं मेलफॅलान, क्लोरॅम्ब्युसिल खूप म्युटेशन करतात आणि सायक्लोफॉस्फामाइड त्यामानाने पुष्कळ कमी. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून जे व्हिनक्रिस्टिन निघतं ते तर डीएनएला हातच लावत नाही, ते पेशी दुभागताना जे धागे लागतात त्यांना अडवतं. म्हणजे "केमो" हा एक शब्द म्हणून काही उपयोगाचा नाही. कुठली केमो, हे कळलं तरच पुढे काही बोलता येतं. आणि आत्यासारख्या बायकांना विचारलं तर त्यांना रंग आठवतो.

आता दुसरी बाजू, आणि ही मी मुद्दाम मोठ्याने सांगतोय कारण हा अभ्यास आल्यावर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर लगेच "केमोनेच कॅन्सर होतो" अशा फॉरवर्ड सुरू झाल्या. असं वाचून कोणी केमो नाकारली तर तो माणूस मरेल, सरळ गोष्ट आहे. ज्या मुलांचा ब्लड कॅन्सर १९५० च्या आसपास म्हणजे मृत्यूच होता त्यातली आता चांगल्या सोयी असलेल्या देशांत १० पैकी ९ मुलं वाचतात, आणि ती याच औषधांनी वाचतात. ब्रेस्ट कॅन्सरच्या केमोनंतर पुढे रक्ताचा कॅन्सर होण्याचा धोका दहा वर्षांत हजार बायकांमधे पाचेक, म्हणजे ९९५ जणींना तो होत नाही. माझी आत्या आज जिवंत आहे, नातवाच्या मुंजीत पुरणपोळ्या लाटायला पहाटे चारला उठली होती, ती त्या लाल सलाईनमुळे. म्हणून मी केमोच्या विरोधात एक अक्षर लिहिणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की औषध शरीरात आयुष्यभराची खूण सोडत असेल तर त्या औषधाची नोंद तीन वर्षांत रद्दीत जाता कामा नये.

आत्याचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. केमोनंतर होणारा रक्ताचा आजार दोन तऱ्हेने येतो, काही औषधांनंतर १ ते ३ वर्षांत, आणि मस्टर्डच्या घराण्यातल्या औषधांनंतर उशिरा, ५ ते ७ वर्षांनी किंवा त्याहून पुढे, त्यामुळे डॉक्टरांना औषध आणि तारीख दोन्ही पाहिजे होतं. ते मिळालं नाही म्हणून त्यांनी सगळ्यात वाईट काय असू शकतं तिथून सुरुवात केली, बोन मॅरो काढला, तिच्या कमरेच्या हाडात सुई गेली, वेगळ्या टेस्ट मुंबईला गेल्या, आणि साडेतीन आठवडे घरात कोणी नीट जेवलं नाही. शेवटी निघालं काय, तर बी-१२ ची भयंकर कमतरता. आमच्याकडे दोन पिढ्या शुद्ध शाकाहारी, आत्या तर दूध पण घेत नाही, आणि बी-१२ कमी झालं की तिन्ही आकडे पडू शकतात, मगज पण आजारी असल्यासारखा दिसतो. इंजेक्शनं सुरू झाली, दोन महिन्यांत आकडे वर. फाईल असती तर कदाचित ती टेस्ट टळली नसती सुद्धा, मी डॉक्टर नाही. पण त्यांना अंधारात चाचपडावं लागलं नसतं आणि आम्हाला काय शोधतायत एवढं तरी कळलं असतं.

आता कोणी म्हणेल की एका घरातल्या वाळवीवरून सगळ्या देशाचा नियम बदलायचा का. नाही, वाळवीवरून नाही. त्याचं कारण जास्त मोठं आहे आणि ते हॉजकिन्सच्या गोष्टीत आहे. हॉजकिन्स लिम्फोमा नावाचा गाठींचा कॅन्सर, तरुण मुलांना होतो, १९६० च्या दशकात अमेरिकेत चार औषधांचं एक मिश्रण निघालं, मॉप्प म्हणतात, आणि पहिल्यांदाच हा कॅन्सर औषधाने पूर्ण बरा व्हायला लागला. केवढी मोठी गोष्ट! पण त्या बऱ्या झालेल्या पोरांची नावं, औषधं, डोस सगळं लिहून ठेवलेलं होतं, वर्षानुवर्षं त्यांना बोलावून तपासलं जात होतं, आणि म्हणून लक्षात आलं की यांच्यातल्या काहींना पुढे ल्युकेमिया म्हणजे ब्लड कॅन्सर होतोय आणि बऱ्याच जणांना मूल होत नाहीये. मग इटलीत मिलानमधे बोनाडोना नावाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या चार औषधांचं मिश्रण काढलं, एबीव्हीडी, ते कॅन्सरवर तितकंच किंवा जास्त चाललं आणि ल्युकेमिया आणि वंध्यत्व दोन्ही कमी झालं. आज आपल्याकडे पण हॉजकिन्सच्या पेशंटला तेच देतात. मॉप्पमधल्या ज्या औषधावर सगळ्यात जास्त संशय होता त्या प्रोकार्बाझिनच्या जागी मुलांच्या ट्रीटमेंटमधे डाकार्बाझिन घालून जर्मन डॉक्टरांनी पुढचं पाऊल टाकलं. हे कशामुळे झालं? नुसत्या हुशारीने नाही झालं. २० वर्षांपूर्वीच्या पेशंटला काय दिलं होतं ते कागदावर सापडत होतं म्हणून झालं.

आपल्याकडे हे कसं होणार? आपली औषधं स्वस्त म्हणून जी निवडली जातात, आपल्या लोकांची शरीरं, आपलं कुपोषण, आपला गुटखा, सगळं वेगळं. माळव्यात तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट बघा, मध्य प्रदेशने २०१२ मधे देशात सगळ्यात आधी गुटखाबंदी केली पण पानाच्या टपरीवर पुड्या लटकलेल्याच आहेत, आणि त्या पेशंटना रेडिएशनबरोबर बहुतेक वेळा सिसप्लॅटिन लागतं, जे डीएनएवर खुणा सोडणाऱ्या औषधांतलंच आहे. त्यातला जो ४० वर्षांचा माणूस बरा होऊन परत ऑटो चालवायला लागला त्याच्या रक्ताचं १५ वर्षांनी काय होतं हे आपल्याला कोण सांगणार, केंब्रिजवाले? भोपाळला गॅसकांडानंतर कॅन्सर रजिस्ट्री सुरू झाली, ती चांगलं काम करते, पण कोणाला कुठला कॅन्सर झाला हे मोजणं तिचं काम, कुठल्या औषधाचा किती डोस गेला हे तिच्यात सापडायचं नाही.

आणि असं नाही की आपल्या देशात हे कोणी केलंच नाही. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९१ मधे लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक काढलं, ट्रीटमेंट संपल्यानंतरचं, जिथे ती मुलं मोठी झाली तरी येत राहतात. आपल्या इथून अवंतिका एक्सप्रेसने जे लोक परळला गेले, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून मुलाची ट्रीटमेंट करून आले, त्यांच्या फाईली शाबूत आहेत, मी दोन घरांत बघितल्यात. मग जो गेला नाही, ज्याने इथेच आयुष्मान कार्डावर किंवा मंगळसूत्र गहाण टाकून केमो घेतली, त्याला तोच हक्क का नको?

डॉक्टरांची अडचण मला कळते. ओपीडीत उभं राहायला जागा नसते, एका बाकावर सहा माणसं बसलेली असतात, त्यात कोणाला समजावत बसणार. पण मला सांगा, लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, त्याचा हृदयावर परिणाम होतो म्हणून एकूण डोस एका मर्यादेच्या पुढे जाऊ द्यायचा नसतो, म्हणजे तो आकडा हॉस्पिटलला प्रत्येक वेळी मोजावाच लागतो. आकडा त्यांच्याकडे आहे. तो फक्त शेवटच्या दिवशी पेशंटच्या हातात टाईप करून द्यायचाय, शाई उडणार नाही अशा कागदावर. औषधांची नावं, एकूण डोस, पहिली आणि शेवटची तारीख, रेडिएशन झालं असेल तर कुठे आणि किती, आणि खाली हिंदीत दोन ओळी की पुढे कधीही रक्ताचे आकडे बिघडले, कारण नसताना थकवा, ताप, काळे-निळे डाग आले तर हा कागद दाखवा. अमेरिकेत तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००५ मधेच हे सांगितलं होतं की प्रत्येक पेशंटला ट्रीटमेंटचा सारांश लिहून द्या. त्याला मशीन लागत नाही, बजेट लागत नाही. आणि नियमातले ते तीन वर्षं केमो-रेडिएशनच्या बाबतीत बदलून आयुष्यभर करायला पाहिजेत, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, आभा नंबर (सरकारी हेल्थ आयडी) आहे, जागेचं कारण उरलेलं नाही.

दुसरी अडचण मात्र आपल्या घरांतली आहे. "पेशंटला सांगू नका." इंदूरच्या मराठी घरांत मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, प्रेमानेच बोलतात, पण आत्याला पहिले दोन महिने आम्ही गाठ आहे एवढंच सांगितलं होतं, मी स्वतः त्यात सामील होतो, आणि त्याचा परिणाम असा झाला की तिने काही विचारलं नाही आणि आम्ही काही लिहून ठेवलं नाही. लोक म्हणतात, डीएनए वगैरे सांगितलं तर पेशंट घाबरून पळून जाईल, कुठल्या तरी जडीबुटीवाल्याकडे जाईल. जाईल एखादा. पण न सांगता नंतर त्याला मोबाईलवर कळलं तर तो डॉक्टरवरचा विश्वास कायमचा घालवून बसतो, आणि ते जास्त वाईट. आत्याला मी हा अभ्यास आता मराठीत वाचून दाखवला. ती म्हणाली, "अरे, मग तेव्हाच सांगितलं असतं तर मी वहीत लिहून ठेवलं असतं ना, दुधाचा हिशोब ठेवते मी."

आणि एक गोष्ट लग्नाच्या वयाच्या मुलामुलींसाठी, कारण "जेनेटिक म्युटेशन" हा शब्द आपल्या समाजात गेला की त्याचा अर्थ लगेच "खानदानी" होतो. माझ्या ओळखीत एका मुलीला सातव्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला होता, आज २८ ची आहे, शाळेत शिकवते, आणि तिची दोन स्थळं याच कारणाने मोडली. रक्ताच्या पेशीतलं म्युटेशन मुलाबाळांत जात नाही. जात नाही म्हणजे जात नाही, मूल रक्तापासून बनत नाही, ते बीजापासून बनतं. काही औषधांचा बीजावर परिणाम होतो हे खरंय, म्हणून तर तरुण मुलाला केमोच्या आधी वीर्य साठवून ठेवायचं का, मुलीला पुढे मूल होण्यासाठी काय करता येईल हे डॉक्टरांनी विचारायला पाहिजे आणि नसेल विचारलं तर आपण विचारायला पाहिजे, पण तो वेगळा प्रश्न आहे. तो पण औषधाच्या नावावरच ठरतो. त्या मुलीकडे कागद असता की मला अमुक अमुक औषधं मिळाली तर तिच्या घरचे निदान एखाद्या डॉक्टरला समोर बसवून मुलाकडच्यांच्या शंका फेडू शकले असते.

एक भीती मला अजून वाटते. अशा बातम्या आल्या की महागड्या जीन टेस्ट विकणारे येतात, केमो झालीय का, तुमच्या रक्तात किती म्युटेशन आहेत बघून घ्या. कशाला बघायचं? बऱ्याच म्हाताऱ्या माणसांत अशी म्युटेशन असलेल्या पेशी केमो न घेता पण असतात, सत्तरीनंतर तर थोड्याशाच पेशींची वंशावळ रक्ताचा मोठा हिस्सा व्यापून बसते, आणि ते दिसलं तरी ते पुसून टाकणारं औषध आज नाही. ज्याला काही त्रास नाही त्याने त्या पैशात बी-१२ आणि सीबीसी करावी, बाकी डॉक्टर सांगतील तेवढंच.

आत्याच्या लोखंडी ट्रंकेत शेवटी दवा बाजारची बिलं सापडली, तिने नऊवारीच्या घडीत जपून ठेवलेली, बारा वर्षं. त्यावरून मी एक कागद टाईप केला: डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, मग पॅक्लिटॅक्सेल, प्रत्येकाच्या किती व्हायल घेतल्या, तारखा. एकूण डोसच्या पुढे मला "अंदाजे" लिहावं लागलं कारण व्हायलमधलं सगळं गेलं की थोडं टाकून दिलं ते बिलावर नसतं. लॅमिनेट करून दिला, ती तो आधार कार्डाबरोबर पर्समधे ठेवते. मागच्या आठवड्यात तिच्या भजनी मंडळातल्या तिघीजणी म्हणाल्या आम्हाला पण असा करून दे. त्यातल्या दोघींकडे बिलं पण नाहीत.